आकडा १६९.२५४ने सुरू झाला, तर तार तपासा

मालवण-वेंगुर्ल्याकडे पावसाळ्यात घरोघरी एकच तक्रार: मोबाइलवर वाय-फाय चालतं, पण तारेने राउटरला जोडलेल्या कॉम्प्युटरवर नेट येत नाही. अशा वेळी राउटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी घालायची घाई कृपा करून करू नका. त्या रीसेटने नेटचं युजरनेम-पासवर्डही पुसलं जाऊ शकतं, आणि मग माणूस येईपर्यंत सगळ्या घराचंच नेट बंद.

आधी कॉम्प्युटरचा पत्ता, म्हणजे आयपी अॅड्रेस, बघा. विंडोजच्या सर्चमध्ये इंग्रजीत 'सीएमडी' (cmd) टाइप करा, उघडलेल्या काळ्या खिडकीत 'आयपीकॉन्फिग' (ipconfig) सलग लिहून एंटर दाबा. आयपीव्ही४ समोरचा आकडा १६९.२५४ने सुरू होत असेल, तर कॉम्प्युटरने राउटरकडे पत्ता मागितला, उत्तर आलं नाही, म्हणून स्वतःच एक लावून घेतला. 'मीडिया डिसकनेक्टेड' दिसलं, तर तारेतून संदेशच जात नाही.

दोन्ही वेळा पहिला संशय तारेच्या टोकाच्या प्लगवर. त्यात आठ पिना असतात, वर सोन्याचा अगदी पातळ मुलामा. तो घासला गेला की खारी दमट हवा खालच्या धातूला खाते. मोबाइलची टॉर्च धरून बघा, पिनांवर हिरवट पूड दिसेल. १०० एमबीपीएस वेगाला १, २, ३, ६ या चारच पिना पुरतात, १००० ला आठही लागतात. म्हणून वेग अचानक १०० वर अडकला, तरी प्लगच बघावा.

पूड खरवडत बसण्यापेक्षा प्लग बदललेला बरा. दोन-तीन सेंटीमीटर तार कापा. आतलं तांबं काळं दिसलं तर आणखी मागे जा, चकचकीत लागेपर्यंत. आतल्या बारीक तारांचा क्रम असा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. मग क्रिंपिंग पक्कडीने दाबा.

नवा प्लग लावूनही राउटरवर त्या तारेचा दिवा लागत नसेल, तर राउटरचं दुसरं पोर्ट (तार खोचायची जागा) वापरून बघा. विजांच्या कडकडाटात एखादंच पोर्ट जळतं, बाकी राउटर धडधाकट राहतो. वीज चमकू लागण्याआधीच अडॅप्टर आणि राउटरला जोडलेली ही नेटची तार, दोन्ही काढावीत. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

पत्ता १९२.१६८ने सुरू होतोय, तरी साइट उघडत नाही? त्याच काळ्या खिडकीत 'पिंग ८.८.८.८' (ping 8.8.8.8) करून बघा. उत्तर आलं तर नेट आहे, फक्त नावांवरून पत्ते शोधणारी डीएनएस सेवा अडली आहे. सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून तोच आकडा भरा. उत्तर नाही आणि फायबरच्या डब्यावर 'एलओएस'चा लाल दिवा असेल, तर बिघाड बाहेरच्या फायबरमध्ये आहे, कंपनीला फोन करा.

खिडकीतून तार आत घेताना बाहेर तिला खाली झोळ द्या. पागोळ्यांचं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडतं, तारेवरून ओघळत राउटरपर्यंत येत नाही.