तीस दिवसांची ट्रायल दुसऱ्याच दिवशी का संपते?

२०११ साली अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा एक मुलगा माझ्याकडे पीसी घेऊन आला. प्रोजेक्टसाठी त्यानं ड्रॉइंगच्या एका सॉफ्टवेअरची तीस दिवसांची ट्रायल टाकली होती. पहिल्या रात्री सगळं नीट चाललं, दुसऱ्या दिवशी उघडलं तर पडद्यावर एकच ओळ: मुदत संपली. काढून परत टाकलं, तरी तेच. मित्र म्हणाले, क्रॅक, म्हणजे पैसे न भरता सॉफ्टवेअरचं कुलूप तोडणारी फाइल, लावायला गेला असशील. त्यानं तसं काहीही केलेलं नव्हतं, आणि हे सांगताना तो रडवेला झाला होता. मी कॅबिनेट उघडलं, मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल काढला आणि मल्टिमीटर लावला. तीन व्होल्ट हवे तिथे दोनसुद्धा नव्हते.

सेल उतरला की पीसी बंद असताना घड्याळ थांबतं आणि मशीन बोर्डात भरलेल्या जुन्या तारखेवर परत जातं. त्याच्या बोर्डात ती १ जानेवारी २००२ होती. ट्रायल टाकली त्या रात्री मशीनच्या लेखी २००२ साल चालू होतं. सकाळी कोपऱ्यातली चुकीची तारीख त्याच्या लक्षात आली आणि त्यानं ती दुरुस्त केली. झालं! सॉफ्टवेअरच्या हिशेबानं एका रात्रीत नऊ वर्षं उलटली.

ट्रायलचा हिशेब असा घड्याळाच्या हाती मुळात नव्हताच. १९८२ साली कॅलिफोर्नियातल्या अँड्र्यू फ्लूगेलमन यांनी ‘पीसी-टॉक’ हा मोडेमवर चालणारा, फोनच्या तारेवरून कॉम्प्युटर जोडणारा प्रोग्रॅम वाटायला सुरुवात केली. वापरून बघा, इतरांना द्या, आवडला तर २५ डॉलर पाठवा, एवढीच अट. जिम नॉफ यांनीही त्याच सुमारास ‘पीसी-फाइल’ हा माहिती साठवायचा प्रोग्रॅम याच वाटेनं लोकांपर्यंत नेला. मायक्रोसॉफ्टच्या सुरुवातीच्या कर्मचाऱ्यांपैकी एक असलेले बॉब वॉलेस नोकरी सोडून ‘पीसी-राइट’ हा मजकूर लिहायचा प्रोग्रॅम विकू लागले आणि या पद्धतीला ‘शेअरवेअर’ हे नाव रूढ झालं. यातल्या कशालाही मुदतीचं कुलूप नव्हतं. १९८७ मध्ये शेअरवेअरवाल्यांची संघटना उभी राहिली, तेव्हा हातपाय तोडलेली, म्हणजे काही सोयी मुद्दाम बंद केलेली प्रत वाटायची नाही, असंच तिचं धोरण होतं. मला हा काळ फार मोलाचा वाटतो, कारण त्यात वापरणाऱ्याला आधी प्रामाणिक धरलं होतं.

तेव्हा दिवस मोजायची सोयही धड नव्हती. १९८१ च्या आयबीएम पीसीत बॅटरीवर चालणारं घड्याळच नव्हतं. डॉस ही त्यावरची ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होताना तारीख विचारायची, लोक कंटाळून एंटर मारायचे आणि मशीन १ जानेवारी १९८० धरून चालायचं. १९८४ च्या पीसी-एटीत बॅटरीवरची घड्याळाची चिप आली, पण ती मशीनला दिवस-वेळ कळावी आणि फायलींवर बरोबर तारीख पडावी म्हणून. कोणाच्या प्रामाणिकपणाची साक्ष काढायला ती बनवलेली नव्हती.

पुढे सीडी आल्या, इंटरनेट आलं, प्रती हजारोंनी पसरल्या आणि पैसे पाठवणारे थोडेच राहिले. विंडोज ९५ मध्ये रजिस्ट्री ही विंडोजच्या आणि प्रोग्रॅमच्या सेटिंग्जच्या नोंदींची मुख्य जागा झाली. ट्रायलवाले पहिल्या दिवसाची तारीख तिथे कोपऱ्यात लपवून ठेवू लागले. सॉफ्टवेअर काढलं तरी ती नोंद मागे राहते. म्हणून सेकंडहँड पीसीवर ट्रायल टाकणाऱ्याला पहिल्याच दिवशी ‘संपली’ असं दिसू शकतं, कारण आधीच्या मालकानं ती कधीच वापरून संपवलेली असते. लॅबमध्ये एका मशीनची डिस्क वीस मशीनवर कॉपी केली, की विसांची मुदत एकाच दिवशी संपते ती याचमुळे.

लोक घड्याळ मागे करून मुदत लांबवू लागले, तेव्हा प्रोग्रॅम शेवटच्या वापराची वेळही लिहून ठेवू लागले. महागड्या इंजिनिअरिंग सॉफ्टवेअरमध्ये वापरल्या जाणाऱ्या फ्लेक्सएलएम या लायसन्स व्यवस्थेत तर घड्याळ मागे नेल्याची खास चूक आहे, क्रमांक उणे ८८. सिस्टिममध्ये पुढच्या तारखेच्या फायली दिसल्या की ती संशय घेते. सेल उतरून एकदा भलतीच पुढची तारीख लागली आणि नंतर आपण ती सुधारली, तर मागे राहिलेल्या त्या फायलींमुळे आपणच आरोपी ठरतो. लबाडासाठी लावलेल्या या सापळ्यात साधा माणूस अडकतो, याचा मला आजही राग येतो.

आपल्याकडे याला आणखी दोन कारणं जोडली जातात. एक म्हणजे काम झालं की भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करायची सवय. प्लग चालू असला तर बंद पीसीतलं घड्याळही वीजपुरवठ्यावर चालतं. बटण बंद केलं की सगळा भार सेलवर येतो. दुसरं कारण साडेपाच तासांचं. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स अशा दोन ऑपरेटिंग सिस्टिम असतील, तर विंडोज हार्डवेअरच्या घड्याळाला स्थानिक वेळ समजतं आणि लिनक्स सहसा जागतिक वेळ. लिनक्समधून विंडोजमध्ये आलं की घड्याळ साडेपाच तास मागे दिसू शकतं, आणि ट्रायलला वाटतं की कोणीतरी काटे फिरवले.

तारखेच्या मांडणीचाही घोळ होतो. ५ जूनला टाकलेली ट्रायल ०५/०६ अशी नोंदली आणि प्रोग्रॅमनं ती अमेरिकन पद्धतीनं ६ मे अशी वाचली, तर तीस दिवस त्याच दिवशी भरतात.

पैसे भरलेले लोकही यातून सुटलेले नाहीत. १२ ऑगस्ट २००८ रोजी एका सर्व्हरवर अनेक आभासी कॉम्प्युटर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणाऱ्या व्हीएमवेअर कंपनीच्या ईएसएक्स ३.५ अपडेट २ वरच्या मशीन सुरूच होईनात. चाचणी आवृत्तीतला मुदतीचा कोड अंतिम प्रतीत चुकून राहून गेला होता. दुरुस्ती येईपर्यंतचा तात्पुरता उपाय काय, तर घड्याळ मागे करा! कंपनीच्या प्रमुखांना जाहीर माफी मागावी लागली.

आता बऱ्याच ट्रायल खात्याला जोडलेल्या असतात आणि दिवस कंपनीचा सर्व्हर मोजतो. सेलचा प्रश्न तिथे उरत नाही, पण जागतिक वेळेनुसार मध्यरात्री संपणारी मुदत आपल्याकडे पहाटे साडेपाचला संपते. शिवाय मोजणी सॉफ्टवेअर टाकल्यापासून नव्हे, तर खातं उघडल्यापासून सुरू झालेली असू शकते.

त्या मुलाच्या पीसीत मी नवा सीआर २०३२ सेल बसवला, बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, तारीख-वेळ लावली आणि प्लग काढून रात्रभर ठेवून पाहिलं. सकाळी घड्याळ बरोबर होतं. मग आम्ही दोघांनी बसून कंपनीला मेल लिहिली: ट्रायल कोणत्या दिवशी टाकली, मशीनवर तेव्हा कोणती तारीख होती, सेल किती व्होल्ट दाखवत होता. सोबत मल्टिमीटरचा फोटो जोडला. चौथ्या दिवशी तीस दिवसांची नवी लायसन्स-की आली.