कॅमेऱ्याला एकच डोळा असतो

'चंद्रावर कुणी गेलंच नाही, ते सगळं हॉलिवूडच्या स्टुडिओत चित्रित केलं,' हा फॉरवर्ड परवा पुन्हा आला. स्टुडिओत काय करता येतं आणि काय येत नाही, हे समजून घ्यायचं तर रॉबर्ट बॉइल यांचं काम पाहावं. (वायूंच्या नियमाचे बॉइल वेगळे.)

हे बॉइल वास्तुकलेचे पदवीधर. मंदीत त्या धंद्यात काम उरलं नाही, म्हणून ते स्टुडिओत नकाशे काढायला लागले आणि पुढे हॉलिवूडचे नावाजलेले प्रॉडक्शन डिझायनर (चित्रपटाचे सेट आणि एकूण दृश्यरूप ठरवणारे) झाले. हिचकॉकच्या 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट'मध्ये (1959) माउंट रशमोरच्या, म्हणजे अमेरिकेतल्या एका डोंगरात कोरलेल्या राष्ट्राध्यक्षांच्या प्रचंड दगडी चेहऱ्यांवर पाठलाग आहे. प्रत्यक्ष तिथे तो चित्रित करायला परवानगी नव्हती. बॉइल दोराने त्या चेहऱ्यांवरून खाली उतरले आणि त्यांनी फोटो काढले. मग स्टुडिओत चेहऱ्यांचे हवे तेवढेच तुकडे उभारले गेले, बाकीचा डोंगर मागच्या पडद्यावर.

फोटोसाठी दोरावर लटकायचं कशाला? कारण कॅमेऱ्याला अंतर कळत नाही, फक्त कोन कळतो. दहा रुपयांचं नाणं कुणाला तरी तीन मीटरवर धरायला सांगा आणि एक डोळा मिटून बघा: ते पौर्णिमेच्या चंद्राएवढंच दिसेल. दोघांचाही डोळ्याशी होणारा कोन सुमारे अर्धा अंश. तसंच 20 मीटरवरची 2 मीटर उंच वस्तू आणि 10 मीटरवरची 1 मीटर उंच वस्तू लेन्सला सारखीच. 'कासाब्लांका' चित्रपटातलं (1942) शेवटचं विमान याच हिशेबाने लहान आकाराचं केलं होतं आणि त्याच्याजवळ ठेंगण्या माणसांना उभं केलं होतं.

पण हा हिशेब एकाच जागेवरून जमतो. कॅमेरा 5 मीटर पुढे न्या. जवळची छोटी प्रतिकृती दुप्पट मोठी दिसेल, दूरची खरी वस्तू जेमतेम एकतृतीयांशाने वाढेल. कॅमेरा बाजूला सरकवला तरी तेच, जवळचं जास्त सरकतं, दूरचं कमी. म्हणून कॅमेऱ्याची जागा आधी ठरते, सेट नंतर. आणि मागच्या पडद्यावरचा फोटोही त्याच जागेच्या हिशेबाने काढावा लागतो.

बॉइल यांना चार नामांकनं मिळाली, पण ऑस्कर एकदाही नाही. 2008 मध्ये, वयाच्या 98व्या वर्षी, मानद ऑस्कर मिळालं. फार उशीर केला, असं मला मनापासून वाटतं.

आता तो फॉरवर्ड. अपोलो 17च्या अंतराळवीरांनी चंद्रावर गाडीतून सुमारे 35 किलोमीटर प्रवास केला आणि ठिकठिकाणी थांबून त्याच डोंगरांचे फोटो काढले. दर थांब्याला जवळचे आणि दूरचे डोंगर एकमेकांच्या तुलनेत जेवढे सरकायला हवेत तेवढेच सरकलेले दिसतात. तसं दिसायला सेटही किलोमीटरांत मोजावा लागेल इतका मोठा हवा.