एल-३९ अल्बाट्रॉस (सिम्युलेटरवर शिकणं)

एल-३९ अल्बाट्रॉस हे चेकोस्लोव्हाकियात बनलेलं दोन सीटचं, एका इंजिनाचं मिलिटरी जेट ट्रेनर विमान आहे. ते घरच्या कॉम्प्युटरवर सिम्युलेटरमध्ये नीट उडवायला शिकणं हा वेगळाच अभ्यास आहे, आणि ही नोंद त्याच अभ्यासाबद्दल आहे. ट्रेनर म्हटलं की बऱ्याच जणांना वाटतं शिकाऊ पोरांचं विमान, म्हणजे सोपं असणार. पण चूक केली की हे विमान ती लगेच दाखवतं आणि सुधारायला थोडीशी जागाही ठेवतं, म्हणूनच त्याला ट्रेनर म्हणायचं. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे सिम खेळणारी जी पोरं थेट मोठ्या फायटरवर उडी मारतात त्यांनी आधी महिनाभर यावर काढावा असं माझं स्पष्ट मत आहे.

एरो व्होडोखोडी या कंपनीचं हे विमान, डिझायनर यान व्ल्चेक, पहिलं उड्डाण ४ नोव्हेंबर १९६८ ला. एकूण २,८०० च्या वर बनली आणि सोव्हिएत युनियनसकट कितीतरी देशांचे पायलट याच्यावर शिकले. इंजिन इव्हचेन्को एआय-२५टीएल, जोर साधारण १,७२० किलो, आणि विमानाचं कमाल वजन ४,७०० किलो, म्हणजे ताकद बेताचीच. आपल्या हवाई दलात हे कधी आलं नाही. आपल्याकडे ट्रेनर म्हणून डॉ. वि. मा. घाटग्यांच्या टीमनं बनवलेलं किरण होतं (पहिलं उड्डाण ४ सप्टेंबर १९६४), पोलंडचं इस्क्रा होतं, आणि २००८ पासून बिदरला हॉक आहे. सिममध्ये मात्र जुन्या पद्धतीचं जेट मुळापासून शिकायला अल्बाट्रॉससारखं दुसरं मला तरी सापडलं नाही. स्पेनचं सी-१०१ आणि इटलीचं एमबी-३३९ पण आहेत, तीही चांगली आहेत, पण त्यांच्याबद्दल इथं लिहीत नाही.

सुरुवात

सगळ्यात खोलात जाऊन बनवलेलं एल-३९ डीसीएस वर्ल्ड या सिम्युलेटरमध्ये आहे. डीसीएस फुकट मिळतं, त्यासोबत कॉकेशसचा नकाशा पण फुकट, विमान तेवढं वेगळं विकत घ्यावं लागतं. कॉकपिटमध्ये सगळे काटेच काटे, पाट्या रशियन ठेवायच्या की इंग्रजी ते सेटिंगमध्ये निवडता येतं. आपल्या लोकांच्या सोयीची गोष्ट म्हणजे वेग किलोमीटर ताशी आणि उंची मीटरमध्ये, नॉट आणि फुटांचा हिशोब डोक्यात करत बसावा लागत नाही.

इंजिन चालू करायला आधी सफीर नावाचं छोटं टर्बाइन सुरू करायचं, ते हवेचा दाब तयार करतं आणि त्या हवेनं मोठं इंजिन फिरतं. टर्बोचं बटण दाबायचं, हिरवा दिवा लागेपर्यंत थांबायचं, मग इंजिनचं बटण, आणि त्यानंतर काही सेकंदांनी थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा दांडा) बंदवरून आयडलवर, म्हणजे इंजिन कमीत कमी जोरावर चालू राहील तिथं, आणायचा. इथं घाई करणाऱ्यांचं स्टार्ट फसतं. तापमानाच्या काट्यावर नजर ठेवायची, आरपीएम (इंजिनाच्या फिरण्याचा वेग) ५६ टक्क्यांच्या आसपास येऊन स्थिर झाले की मगच पुढचं. एक गंमत वाटते ती आकड्यांची, फुल पॉवरला आरपीएमचा काटा १०६ टक्क्यांच्या आसपास जातो, पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं काहीतरी बिघडलं, पण ते बरोबरच असतं.

चाक आणि ब्रेक

पहिली अडचण जमिनीवरच येते. पुढचं चाक मोकळं आहे, त्याला स्टीअरिंग नाही, आपल्याकडच्या ढकलगाडीच्या मोकळ्या चाकासारखं ते नेलं तिकडं फिरतं. ब्रेकची लिव्हर स्टिकवर असते, सायकलच्या ब्रेकसारखी, आणि ती दाबून ज्या बाजूचं पेडल पुढं ढकलाल त्या बाजूचं चाक जास्त धरतं. नुसतं पेडल दाबून काही होत नाही आणि नुसता ब्रेक दाबला तर विमान सरळ उभं राहतं. वळताना थोडा वेग हवाच, नाहीतर पुढचं चाक आडवं होऊन अडकल्यासारखं होतं आणि मग पॉवर वाढवली की एकदम हिसका बसतो. पेडल नसतील तर पिळणारी जॉयस्टिक चालते, फक्त ब्रेक साध्या बटणावर न ठेवता कमी-जास्त दाबता येईल अशा अॅक्सिसवर ठेवा, बटणावर तो एकदम पूर्ण लागतो.

टेकऑफ त्यामानानं सरळ आहे. फ्लॅप (पंखांच्या मागच्या, खाली झुकणाऱ्या पट्ट्या) २५ अंश, ब्रेक धरून पूर्ण पॉवर, सगळे काटे बघून ब्रेक सोडायचे, ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास नाक हळू उचलायचं आणि १९० च्या पुढं विमान स्वतःहून जमीन सोडतं. नाक ओढून काढायला जाऊ नका.

थ्रॉटलचा उशीर

खरं शिकायचं इथं आहे. या इंजिनाला आयडलपासून पूर्ण पॉवरवर यायला ९ ते १२ सेकंद लागतात. तुम्ही थ्रॉटल पुढं ढकलला, हात पुढं गेला, आवाजही थोडा बदलला, पण जोर काही आला नाही, तो येतोय, वाटेत आहे. फायनलवर, म्हणजे रनवेच्या सरळ रेषेत उतरायला येताना, विमान २३० च्या आसपास असतं, म्हणजे दहा सेकंदात सहाशे मीटरच्या वर पुढं जातं आणि नेहमीच्या उतारावर तीसेक मीटर उंची पण गेलेली असते. रनवेच्या अलीकडं आपण खाली आलोय असं कळल्यावर थ्रॉटल देऊन काही उपयोग नाही, कारण ते कळलं तेव्हाच वेळ गेलेली असते.

माझी सुरुवातीची सगळी लँडिंग अशीच रनवेच्या आधी शेतात उतरली. अमळनेरचे एक दादा हेडफोनवर सोबत असायचे, प्रत्येक वेळी तेच सांगायचे, "आते पॉवर दे भो, मंग काय फायदा." मला वाटायचं अजून तर सगळं ठीक दिसतंय, आता कशाला द्यायची. मग एक दिवस शेतातलंच उदाहरण डोक्यात आलं. सरीत पाणी सोडल्यावर ते टोकाला पोचलं की मग धावत येऊन तोंड बंद केलं तर तोवर पाणी बांध फोडून गेलेलं असतं, जाणता माणूस पाणी अजून चार पावलं मागं असतानाच फावडं मारून पुढच्या सरीचं तोंड उघडतो. थ्रॉटलचं अगदी तेच आहे. त्या दिवसापासून मी काट्यावर जे दिसतंय त्याच्यावर हात चालवायचं सोडलं आणि दहा सेकंदांनी काय दिसेल त्याच्यावर चालवायला लागलो, आणि आठवडाभरात विमान रनवेवर टेकायला लागलं.

म्हणून फायनलवर थ्रॉटल आयडलला कधीच आणायचा नाही. इंजिन फिरतं ठेवायचं, वेग जास्त वाटला तर एअरब्रेक (हवा अडवून वेग कमी करणाऱ्या झडपा) काढा पण आरपीएम पडू देऊ नका. चाकं ३३० च्या खाली आल्यावरच काढायची, फ्लॅप आधी २५ आणि फायनलवर ४४ अंश. वेग ३१० च्या वर गेला तर फ्लॅप आपोआप आत जातात, हे माहीत नसेल तर विमान अचानक बसल्यासारखं का झालं तेच कळत नाही. टेकताना १८० च्या आसपास, नाक थोडं वर धरून मागची दोन चाकं आधी. फ्लेअर, म्हणजे टेकायच्या आधी नाक उचलणं, जास्त केला तर परत हवेत उचलतं, आणि तिथं घाबरून नाक खाली दाबलं की पुढचं चाक आपटतं. तसं झालं तर पॉवर देऊन फेरी मारायची, ती पॉवर पण उशिरानंच येणार हे धरून.

वर उंचीवर मात्र हे फार गोड विमान आहे. लूप, रोल सगळं हलक्या हातानं होतं. डाइव्हमध्ये मॅक ०.७८ च्या (आवाजाच्या वेगाच्या ७८ टक्क्यांच्या) आसपास एअरब्रेक आपोआप उघडतात, तो बिघाड समजू नये. दिशा शोधायला आरएसबीएन म्हणून जुनी रेडिओ यंत्रणा आहे, जमिनीवरच्या स्टेशनपासूनचा कोन आणि अंतर देते, ती शिकायला दोन-तीन संध्याकाळी पुरतात.

खान्देशवरून उडताना

डीसीएसमध्ये भारताचा नकाशा नाही. आपल्या गावावरून उडायचं असेल तर मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर घ्यावा लागतो. तिथलं एल-३९ अमेरिकेतल्या रेनोच्या विमान शर्यतींच्या पॅकमधलं आहे, सिस्टिमच्या बाबतीत डीसीएसइतकं खोल नाही, पण नेव्हिगेशनच्या सरावाला छान. जळगाव विमानतळावरून निघायचं, ज्याचं उद्घाटन २०१२ मध्ये प्रतिभाताई पाटलांनी केलं. ताई मूळच्या आपल्या जळगाव जिल्ह्याच्या आणि राष्ट्रपती असताना २००९ मध्ये पुण्याहून सुखोई-३० मध्ये बसून उडाल्या होत्या, वयाच्या ७४ व्या वर्षी, हे इकडच्या पोरापोरींनी लक्षात ठेवावं असं आहे.

जळगाव ते धुळे हवेतून साधारण ८८ किलोमीटर, जवळजवळ सरळ पश्चिमेला. ४०० च्या वेगानं १३ मिनिटं. जीपीएस बंद करायचं, घड्याळ लावायचं, कंपास धरायचा, खाली एरंडोल, पारोळा ओळखत जायचं. तेरा मिनिटांनी डावीकडं लळिंगच्या किल्ल्याचा डोंगर दिसला की धुळ्याची गोंदूरची धावपट्टी जवळ आली. चुकलात तर उत्तरेला जा, तापी लागतेच, आणि तापी कुणाला चुकवत नाही. तिच्याही पलीकडं सातपुड्याची भिंत आहे. दुसरा चांगला मार्ग रेल्वेचा, भुसावळ, जळगाव, अमळनेर, नंदुरबार, रूळ धरून सुरतपर्यंत.

मे महिन्यात दुपारी लाईव्ह हवामान चालू करून एकदा जळगावहून नक्की उडा. बाहेर ४५ अंश असतात तेच सिममध्येही येतात, गरम हवा पातळ असते, पंखांना कमी धरते आणि इंजिनाचा जोरही कमी पडतो, त्यामुळं हिवाळ्यात सहज उचलणारं विमान रनवे खात राहतं. पुस्तकात वाचलेली ही गोष्ट मला त्या एका दुपारी पक्की समजली, अंगाला घाम आणि स्क्रीनवर संपत आलेला रनवे.

आपल्याकडची दुसरी अडचण लाईटची. फायनलवर असताना लाईट गेली की सगळी तासाभराची मेहनत जाते, म्हणून कॉम्प्युटरला आणि राउटरला पाच-दहा मिनिटांचा तरी यूपीएस असू द्या. कूलरची हवा थेट कॅबिनेटवर सोडू नका, दमट हवा असते ती. जॉयस्टिक टेबलाला शिकंज्यानं पक्की आवळा, हलणाऱ्या स्टिकवर फ्लेअर शिकता येत नाही. डोकं फिरवून बघायला महाग उपकरण लागत नाही, साधा वेबकॅम आणि फुकटचं ओपनट्रॅक पुरतं.

आणि जमलं तर एकटं शिकू नका. डीसीएसमध्ये हे विमान ऑनलाइन दोघं मिळून उडवता येतं, शिकणारा पुढं, शिकवणारा मागं, दोघांकडं स्टिक आणि थ्रॉटल. आमचे दादा मागं बसून गप्प राहायचे, फक्त फायनलवर माझ्या थ्रॉटलवर त्यांचा हात यायचा आणि आरपीएमचा काटा मी काही करायच्या आधीच वर सरकायला लागायचा. नंतर नंतर तो हात यायचा बंद झाला. आता मागच्या सीटवर मी असतो, पुढं चोपड्याचा एक बारावीतला पोरगा, आणि त्याचा काटा अजून खाली पडतोय.