ईएम-१ आणि ईएम-२ : एका अधिक चिन्हाचा फरक

जुन्या रेल्वेचे फोटो बघत बसायचा ज्यांना नाद आहे, त्यांची वुडहेड मार्गावर हमखास फसगत होते. मागे उजाड माळ, वर तारांचं जाळं, आणि त्यातून येणारं एक चौकोनी, दोन्ही टोकांना केबिन असलेलं विजेचं इंजिन. खाली लिहिलेलं असतं ईएम-२, आणि असतं ते ईएम-१. कधी याच्या उलट. माझंही बरीच वर्षं असंच व्हायचं. नाव ऐकून मी धरून चाललो होतो की ईएम-२ म्हणजे ईएम-१ची पुढची, सुधारून काढलेली आवृत्ती असणार. ती समजूत निम्मीच खरी आहे.

आधी मार्ग कुठला ते सांगतो. इंग्लंडमध्ये मँचेस्टर आणि शेफील्ड या दोन शहरांच्या मध्ये पेनाइन डोंगरांची रांग आडवी पडली आहे. आपल्या सह्याद्रीसारखे कडे तिथे नाहीत. बोडके, रुंद पाठीचे डोंगर, वर झाड नाही, पायाखाली पाणी धरून बसलेली काळी मऊ माती, आणि वारा. तिकडे या माळाला मूर म्हणतात. १८४५ साली या रांगेखालून जवळजवळ पाच किलोमीटरचा एकेरी बोगदा काढून रेल्वे पलीकडे गेली, आणि १८५२ मध्ये त्याच्या शेजारी दुसरा एकेरी बोगदा आला. पश्चिमेच्या तोंडाशी वुडहेड स्टेशन, पूर्वेच्या तोंडाशी डनफर्ड ब्रिज. मधला सगळा प्रवास धुरात. वाफेच्या इंजिनांनी शंभर वर्षं त्या बोगद्यांची भट्टी करून ठेवली होती, आणि मार्गावर विजेचे खांब उभे राहण्यामागे हा धूर आणि डोंगरापलीकडून येणारा कोळसा ही दोन मोठी कारणं होती.

योजना १९३६ची. मग युद्ध लागलं आणि काम थांबलं. युद्धानंतर पाहिलं तर जुने बोगदे इतके खिळखिळे झालेले, की दुपदरी असा तिसराच बोगदा खणावा लागला. तो ३ जून १९५४ला उघडला, आणि त्याच सप्टेंबरात मँचेस्टर ते शेफील्ड व्हिक्टोरिया अशी विजेची गाडी सलग धावायला लागली. तारेत १५०० व्होल्ट डीसी.

इंजिनं दोन प्रकारची. दोघांच्याही नावातला 'ई' विजेचा आणि 'एम' मिश्र कामाचा, म्हणजे प्रवासी गाडीही ओढेल आणि मालगाडीही. (आपल्या डब्ल्यूसीएम नावाच्या विजेच्या इंजिनांमधला 'एम' हाच.) दोघांची विजेची सामग्री मँचेस्टरच्या मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सची. एक नमुना इंजिन सोडलं तर दोन्ही प्रकार मँचेस्टरच्याच गॉर्टन कारखान्यात बांधलेले. दिसायला सख्खे भाऊ. त्यामुळे चेहऱ्याकडे बघून ओळखायला जाल तर फसाल. खाली चाकांकडे बघा.

ईएम-१ला दोन बोगी (इथे बोगी म्हणजे डबा नव्हे, इंजिनाखालची चाकांची फिरती चौकट), प्रत्येकीत दोन आस. एकूण चार आस, आठ चाकं. ईएम-२लाही दोनच बोगी, पण प्रत्येकीत तीन आस, म्हणजे बारा चाकं. इंजिनांच्या भाषेत आसांची ही मांडणी अक्षरांत लिहितात: पहिलं बो+बो, दुसरं को-को. 'बो' म्हणजे दोन चालते आस, 'को' म्हणजे तीन. इथवर सगळ्यांचं लक्ष जातं. मधल्या चिन्हाकडे मात्र कोणी बघत नाही, आणि खरी गोष्ट तिथेच आहे. एकात अधिक आहे, दुसऱ्यात नुसती आडवी रेघ.

अधिक चिन्हाचा अर्थ असा, की दोन्ही बोगी खालून एकमेकींना सांधलेल्या आहेत. ईएम-१चे बफर (धक्का झेलणारे दट्टे) आणि कपलिंग (गाडी जोडायचा आकडा) इंजिनाच्या पेटीवर नाहीत, बोगीवरच बसवलेत. त्यामुळे मागच्या मालगाडीची सगळी ओढ मागच्या बोगीतून सांध्यात, सांध्यातून पुढच्या बोगीत, अशी खालच्या खालीच जाते. वरची पेटी नुसती बसलेली असते, घोड्यावर स्वार बसावा तशी. तिच्यावर ओढीचा ताण नाही. सावकाश चालणाऱ्या जड गाडीला ही रचना झकास. वेग वाढवायला गेलं की मात्र एका बोगीचा हेलकावा दुसरीला लागतो आणि इंजिन डुलायला लागतं.

आडवी रेघ म्हणजे दोन्ही बोगी सुट्या, आपापल्या जागी मोकळ्या फिरणाऱ्या. ओढ जाते ती इंजिनाच्या सांगाड्यातून. सांगाडा भक्कम करावा लागतो, वजन वाढतं (ईएम-२ सुमारे १०२ टन, ईएम-१ ८७-८८ टन), पण पळताना इंजिन शांत राहतं. ईएम-१ची कमाल मर्यादा ताशी १०५ किलोमीटर, ईएम-२ची १४५. ताकद अनुक्रमे सुमारे १,८७० आणि २,५०० अश्वशक्ती. म्हणजे एकाच इंजिनाचा हा धाकटा-थोरला आकार नाही. इंजिनातून ओढ न्यायची कशी, या प्रश्नाची ही दोन वेगळी उत्तरं आहेत.

ईएम-१चं नमुना इंजिन १९४१ मध्येच डॉनकास्टरला बांधून तयार होतं. पण डोंगरात ना तार ना खांब. ते चालवून बघायचं तर मँचेस्टरपासून ऑल्ट्रिंगहॅमपर्यंतचा छोटा विजेचा मार्ग तेवढा होता. युद्ध संपल्यावर हॉलंडच्या रेल्वेला इंजिनांची चणचण होती आणि तिथे तारेत १५०० व्होल्ट डीसीच होता. म्हणून १९४७ला हे इंजिन तिकडे उसनं दिलं. इंग्रज सोल्जरला म्हणायचं त्या नावाने डच रेल्वेवाल्यांनी त्याला 'टॉमी' म्हटलं. १९५२ला ते परत आलं तेव्हा नाव बरोबर घेऊनच आलं, आणि पुढे त्याची रीतसर पाटीही लागली. हॉलंडच्या सपाट रुळांवर भरधाव पळवल्यामुळे त्याची खोडही कळून चुकली होती. पळायचं काम याचं नव्हे.

याचं काम मालगाड्यांचं, आणि ते त्याने खरोखर मनापासून केलं. नमुन्यासकट एकूण ५८ ईएम-१ झाली. यॉर्कशरच्या खाणींतला कोळसा वाथच्या यार्डात गोळा व्हायचा आणि वूर्सबरोच्या चढावरून पेनिस्टनकडे निघायचा. चढ ४०ला १, म्हणजे ४० मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. आपल्या बोरघाटाचा ३७ला १ आहे, तेव्हा अंदाज येईल. कर्जतला गाडीच्या पाठीला बँकर, म्हणजे मागून ढकलणारं इंजिन, लागताना बसणारा तो मऊ धक्का ज्यांना ठाऊक आहे, त्यांना इथलं दृश्य परकं वाटणार नाही: कोळशाच्या गाडीला पुढे दोन ईएम-१, मागून ढकलायला आणखी दोन. विजेच्या आधी याच चढावर गॅरॅट जातीचं एक अगडबंब वाफेचं इंजिन ठेवलेलं होतं, अख्ख्या ब्रिटनमधलं सर्वांत ताकदवान. त्या जातीचं तिथे ते एकच.

चढाइतकाच उतारही महत्त्वाचा. शेकडो टन कोळसा घेऊन गाडी डोंगर उतरते तेव्हा नुसत्या ब्रेकच्या ठोकळ्यांवर तिला धरणं म्हणजे ठोकळे जाळून घेणं. ईएम-१ उतारावर आपल्या मोटरींचे जनित्र करायचं. चाकं मोटर फिरवणार, मोटर वीज करणार, आणि ती वीज वरच्या तारेत परत जाणार. समोरून कोणी चढत असेल तर ती त्याच्या कामी. वेग फार कमी झाला की हे जमत नाही, म्हणून पुढे त्याच्या जोडीला वीज इंजिनातच उष्णता करून घालवण्याची सोयही बसवली. उतरणारी गाडी चढणारीला हात देते, ही कल्पना मला अजूनही फार आवडते.

मग ईएम-२ कशाला? एक्सप्रेस गाड्यांना. मूळ बेत २७ इंजिनांचा होता. १९५३-५४ला हातात पडली सात. कारण सरळ होतं. ताशी १४५ने पळायला सलग लांब तार पाहिजे, आणि तार शेफील्डच्या आसपासच संपत होती. मँचेस्टरहून लंडनच्या मेरिलबोनला निघालेल्या एक्सप्रेसचं विजेचं इंजिन शेफील्ड व्हिक्टोरियाला काढायचे आणि वाफेचं लावायचे. मधला ६५-७० किलोमीटरचा टप्पा सगळा चढ-उतार आणि वळणांचा. शर्यतीचा घोडा आणून गल्लीत फिरवल्यासारखं झालं. त्यात १९५६ मध्ये ब्रिटिश रेल्वेने पुढच्या विद्युतीकरणासाठी २५ हजार व्होल्ट एसी पद्धत निवडली, आणि वुडहेड मार्ग जन्माला येऊन दोन वर्षं होतात न होतात तोच बेट होऊन बसला.

सगळी सात ईएम-२ १९६८ मध्ये काढून घेतली आणि पुढच्या वर्षी हॉलंडला विकली. ब्रिटिश रेल्वेने नव्या पद्धतीत ईएम-१ला ७६ आणि ईएम-२ला ७७ हा वर्ग दिला होता. पण ७७ने सुरू होणारे क्रमांक अंगावर रंगवून घ्यायला ती इंजिनं तिथे उरलीच नाहीत. म्हणून ईएम-२चा जुना फोटो '७७' म्हणून दाखवलेला दिसला, तर वर्ग बरोबर, पण तो पाटीवर शोधू नका. तिथे २७००० ते २७००६ यातलाच आकडा मिळेल. हॉलंडमध्ये त्यांच्यातल्या सहांनी १९८६पर्यंत प्रवासी गाड्या ओढल्या, सातवं सुट्या भागांसाठी वापरलं. घरी ज्यांना पळायला जागा नव्हती, त्यांना ती परमुलखात मिळाली.

आणि हळू चालणारी ईएम-१? ती शेवटच्या दिवसापर्यंत राबली. जानेवारी १९७०ला डोंगर ओलांडणारी प्रवासी वाहतूक बंद झाली. तोवरची शेवटची दोन वर्षं प्रवाशांच्या गाड्याही तीच ओढत होती. त्यानंतर अकरा वर्षं नुसता कोळसा आणि माल. जुलै १९८१ला तेही थांबलं. आता मँचेस्टरकडून येणारी लोकल हॅडफिल्डला संपते, तीही १९८४पासून २५ हजार व्होल्टवर. त्यापुढे रुळांच्या जागी चालायची आणि सायकलची वाट आहे, आणि १९५४च्या त्या बोगद्यातून गाड्यांऐवजी उच्च दाबाच्या विजेच्या केबल गेल्या आहेत.

आपल्याकडे १५०० व्होल्ट डीसी याच्या बरंच आधी आला. जीआयपी रेल्वेची (आताच्या मध्य रेल्वेची पूर्वज) पहिली विजेची गाडी बोरीबंदर ते कुर्ला धावली ती ३ फेब्रुवारी १९२५ला, आणि १९२९-३०पर्यंत तार दोन्ही घाट चढून पुणे आणि इगतपुरीला पोचली होती. घाटात मालगाड्या ओढणाऱ्या डब्ल्यूसीजी-१ला, रेल्वेवाल्यांच्या 'खेकड्याला', विजेची सामग्री दिली तीही मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सनेच. आणखी एक योगायोग: १९५४-५५ला आपल्याकडे आलेली डब्ल्यूसीएम-१ ईएम-२सारखीच को-को, १५०० व्होल्टची, आणि संख्येनेही सातच. पण ती बांधणारे वेगळे, इंग्लिश इलेक्ट्रिक आणि व्हल्कन फाउंड्री. नातं लावायचा मोह होतो, लावू नये. आपला डीसी मात्र वुडहेडपेक्षा पुष्कळ टिकला. मुंबईत हार्बरवरून तो गेला २०१६ला.

फोटोत चाकं दिसत नसतील, गवतात किंवा फलाटाआड गेली असतील, तर पाटी वाचा. काही ईएम-१ना नावं होती आणि ती सगळी पुरुषांची: आर्किमिडीज, हेक्टर, जेसन, प्लूटो, ट्रायटन, युलिसिस. ईएम-२ सातही बायका: इलेक्ट्रा, एरियाड्नी, ऑरोरा, डायना, जूनो, मिनर्व्हा, पँडोरा. ग्रीक-रोमन पुराणं थोडी ठाऊक असली की काम झालं. प्रत्यक्ष बघायची असतील तर ईएम-१ अख्खं असं एकच उरलंय, २६०२०, यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात. ईएम-२ सातातली तीन वाचली आहेत. त्यातली एरियाड्नी मँचेस्टरच्या विज्ञान संग्रहालयात आहे, गॉर्टनपासून काही किलोमीटरवर, पण १५०५ या डच क्रमांकाची.

एवढं कळल्यावर एक सोपा नियम मनात तयार होतो, की डच स्टेशनवर दिसलं म्हणजे ईएम-२. माझाही झाला होता. मग १९४०च्या दशकातला एक कृष्णधवल फोटो समोर आला: डच फलाट, तेच चौकोनी इंजिन. मी बेधडक ईएम-२ म्हणालो. चाकं मोजली, आठ निघाली. तो टॉमी होता.