इम्पोसेक्स

इम्पोसेक्स : समुद्री उदरपाद प्राण्यांच्या (शंखवर्गातील गोगलगायींच्या) माद्यांमध्ये शिश्न व शुक्रवाहिनी हे नराचे अवयव वाढणे, अशी विकृती. ही विकृती मुख्यत्वे ट्रायब्यूटिलटिन (टीबीटी) या कार्बनी कथिल संयुगामुळे होते. जहाजांच्या तळावर सजीवांचे थर चढू नयेत म्हणून लावल्या जाणाऱ्या रंगांत हे संयुग १९६० च्या दशकापासून वापरात होते. जगभरात २०० हून अधिक जातींत या विकृतीची नोंद झाली असून त्यांपैकी बहुतेक निओगॅस्ट्रोपोडा गणातील आहेत. अंतःस्रावी यंत्रणेत व्यत्यय आणणाऱ्या प्रदूषकांचे सर्वांत निर्विवाद उदाहरण म्हणून विषविज्ञानाच्या ग्रंथांत इम्पोसेक्सचा दाखला दिला जातो. परिणामाबाबत वाद नाही, तो कसा घडतो याबाबत मात्र आहे.

संज्ञा. ‘लादणे’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाला लिंगवाचक शब्द जोडून बी. एस. स्मिथ यांनी १९७१ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील चिखलातील एका गोगलगायीसंबंधीच्या लेखात ही संज्ञा योजली. विकृतीचे वर्णन मात्र त्याआधी, १९७० मध्ये एस. जे. एम. ब्लेबर यांनी इंग्लंडमधील प्लिमथच्या परिसरातील ‘न्यूसेला लॅपिलस’ या खडकाळ किनाऱ्यावरील गोगलगायीबाबत केले होते. अंडी घालून रिकाम्या झालेल्या माद्यांच्या उजव्या स्पर्शिकेमागे शिश्नासारखी वाढ त्यांना दिसली. त्यामुळे शोधाचे श्रेय ब्लेबर यांना आणि नावाचे स्मिथ यांना देणे अधिक योग्य ठरते. १९७९ मध्ये एका अभ्यासकाने ‘आभासी उभयलिंगत्व’ ही संज्ञा सुचवली, पण ती रुळली नाही. मराठीत ‘उभयलिंगत्व’ हा शब्द येथे वापरू नये. उभयलिंगी प्राण्यात दोन्ही प्रकारची जननग्रंथी कार्यक्षम असते. येथे अंडाशय अंडाशयच राहतो आणि नराचे अवयव त्यावर उपऱ्यासारखे येतात. या कारणाने प्रस्तुत नोंदीत मूळ संज्ञाच ठेवली आहे.

कारणाचा शोध. नौकांच्या बंदरांजवळच्या गोगलगायींत विकृती जास्त आणि बंदरापासून दूर गेल्यास कमी, हे स्मिथ यांच्या लक्षात आले होते. १९८१ मध्ये त्यांनी प्रयोगांती टीबीटीयुक्त रंगाकडे बोट दाखवले. त्याच सुमारास फ्रान्समधील आर्काशाँ उपसागरातील कालवांची शेती संकटात सापडली होती. पिले धरत नव्हती, शिंपल्यांचे थर जाड व पोकळ होत होते. फ्रान्सने १९८२ मध्ये २५ मीटरपेक्षा लहान नौकांवर टीबीटीच्या वापरास बंदी घातली, १९८७ मध्ये ब्रिटनने तसेच केले. लहान नौकांपासून सुरुवात होण्याचे कारण उघड होते : त्या उथळ, बंदिस्त पाण्यात दिवसेंदिवस उभ्या असतात. कोकणातल्या खाड्यांत नांगरलेल्या मच्छीमार नौकांनाही हेच लागू पडते.

क्रियाविधीबाबतची मते. या प्रश्नावर निदान तीन मते मांडली गेली आहेत.

पहिले मत अॅरोमाटेज विकराचे (एन्झाइमचे) आहे. टीबीटी हे अॅरोमाटेजचे कार्य रोखते, टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर होत नाही, साचलेल्या टेस्टोस्टेरॉनमुळे मादीत नराची लक्षणे उमटतात, असे १९९६ मध्ये बेटिन, ओएलमान व श्ट्रोबेन या जर्मन अभ्यासकांनी मांडले. बाधित माद्यांत टेस्टोस्टेरॉनची पातळी वाढलेली आढळल्याने हे मत दीर्घकाळ पाठ्यपुस्तकांत टिकून राहिले. त्याच्या जोडीला, टेस्टोस्टेरॉन शरीराबाहेर टाकण्याची वा मेदाम्लांशी बांधून निष्क्रिय करण्याची प्रक्रिया टीबीटीमुळे मंदावते, असेही एक उपमत आहे.

दुसरे मत चेतासंस्थेचे. उदरपादांत जननेंद्रियांची वाढ डोक्यातील गंडिकांमधून (चेतापेशींच्या पुंजक्यांमधून) स्रवणाऱ्या पेप्टाइडांवर (छोट्या प्रथिनसदृश रेणूंवर) अवलंबून असते. टीबीटीमुळे एपीजीडब्ल्यू-अमाइड हे पेप्टाइड अवेळी स्रवते, असे मानले गेले. २००० मध्ये ओबेरडोर्स्टर व मॅक्लेलन-ग्रीन यांनी हेच पेप्टाइड टोचून माद्यांत इम्पोसेक्स निर्माण करून दाखवला.

तिसरे मत रेटिनॉइड एक्स ग्राहीचे (आरएक्सआर). ग्राही म्हणजे विशिष्ट रेणू चिकटला की पेशीत क्रिया सुरू करणारे प्रथिन. २००४ मध्ये निशिकावा आणि सहकाऱ्यांनी जपानच्या किनाऱ्यावरील ‘थाइस क्लाविजेरा’ या जातीत ही ग्राही शोधली. टीबीटी तिला घट्ट चिकटते, आणि ग्राहीचा नैसर्गिक जोडीदार मानले जाणारे ९-सिस रेटिनोइक आम्ल मादीस टोचले तरी शिश्न वाढते, असे त्यांनी दाखवले. पुढे युरोपातील ‘न्यूसेला लॅपिलस’मध्येही तसेच आढळले.

तिन्हींपैकी तिसऱ्या मताच्या बाजूने आज पुरावा अधिक आहे. पहिल्या मतावरचा मुख्य आक्षेप असा, की मृदुकाय प्राण्यांत पृष्ठवंशी प्राण्यांसारखे अॅरोमाटेजचे जनुक सापडलेले नाही. त्यांच्या ऊतींत आढळणारे टेस्टोस्टेरॉन त्यांनी स्वतः बनवलेले की आसपासच्या पाण्यातून शोषलेले, याचीही शंका घेतली जाते. दुसरे मत तिसऱ्याशी विसंगत नाही. ग्राहीने सुरू केलेली साखळी पुढे पेप्टाइडापर्यंत पोहोचत असावी, असे मानता येते. हीच ग्राही सस्तन प्राण्यांतही आहे. ग्रून व ब्लमबर्ग यांनी २००६ मध्ये टीबीटीमुळे उंदरांमध्ये मेदपेशी वाढतात असे दाखवले आणि अशा पदार्थांना ‘ओबेसोजेन’ हे नाव रुळले. गोगलगायीच्या शिश्नावरून सुरू झालेला वाद स्थूलपणाच्या चर्चेपर्यंत आला तो या ग्राहीमुळे.

मोजणी. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडपावरून एका जातीच्या पुरेशा गोगलगायी गोळा करतात. उधाणाच्या ओहोटीला खालचा पट्टा उघडा पडतो. भांगाच्या (लहान भरती-ओहोटीच्या) दिवसांत तो पाण्याखालीच राहतो. मॅग्नेशियम क्लोराइडच्या द्रावणात प्राणी बधिर करून शंख शेगड्यात (व्हाइसमध्ये) दाबून फोडतात. अंड्यांची पिशवी बनवणारी ग्रंथी असेल तर मादी ठरते, मग उजव्या स्पर्शिकेमागील शिश्नाची लांबी मोजतात. माद्यांच्या शिश्नाच्या सरासरी लांबीच्या घनाची नरांच्या शिश्नाच्या सरासरी लांबीच्या घनाशी असलेली टक्केवारी म्हणजे सापेक्ष शिश्न निर्देशांक. गिब्ज व ब्रायन यांनी १९८७ मध्ये सुचवलेला शुक्रवाहिनी अनुक्रम निर्देशांक अधिक उपयुक्त ठरला आहे. त्यात शून्य ते सहा अशा अवस्था आहेत. पाचव्या अवस्थेत शुक्रवाहिनीची ऊती वाढून जननद्वार बुजवते, सहाव्या अवस्थेत बाहेर न पडलेल्या अंड्यांच्या पिशव्या मादीच्या पोटातच सडतात आणि बहुधा मादी मरते. प्रति लिटर सुमारे एक नॅनोग्रॅम कथिल एवढ्या अल्प प्रमाणातही सुरुवातीच्या अवस्था दिसू लागतात. इतके कमी प्रमाण रासायनिक उपकरणांनी पकडणे महाग व कष्टाचे असते, म्हणून गोगलगायच येथे उपकरण ठरते. ज्या जातींची पिले तरंगत्या अवस्थेतून जात नाहीत, त्या एकदा संपल्या की बाहेरून भरून येत नाहीत. इंग्लंडच्या किनाऱ्यावरील न्यूसेलाचे काही समूह असेच नाहीसे झाले.

कोकण किनारा. येथील नोंदीचा आरंभ एका योगायोगाने झाला आहे. १८९३ मध्ये जे. सी. मेलव्हिल यांनी मुंबईहून अलेक्झांडर अॅबरक्रॉम्बी यांनी पाठवलेल्या शंखांतील २५ नव्या जातींची वर्णने प्रसिद्ध केली. त्यांतील म्युरिसिडी कुलातील एका लहान, गाठींनी भरलेल्या शंखाला त्यांनी कोकणाचे नाव दिले. पुढे ही जाती ‘क्रोनिया कोंकनेन्सिस’ या नावाने ओळखली गेली. अलीकडे ती सेमिरिसिन्युला प्रजातीत धरतात. शंभराहून अधिक वर्षांनंतर, १९९९ मध्ये, याच जातीत भारतीय पाण्यातील इम्पोसेक्सची नोंद वाय. विश्वकिरण व ए. सी. अनिल यांनी केली. हे काम गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत झाले. २००६ मध्ये त्याच गटाने ‘गायरिनियम नॅटेटर’ या जातीस भारतीय किनाऱ्यासाठी इम्पोसेक्सची सूचक म्हणून सुचवले. मधल्या काळात, २००४ मध्ये, त्याच संस्थेतील भोसले आणि सहकाऱ्यांनी पश्चिम किनाऱ्यावरील पाणी, जैवस्तर (पृष्ठभागावरचा सूक्ष्मजीवांचा थर), प्राणी व गाळ यांतील ब्यूटिलटिनांचे (टीबीटी व त्याच्या विघटनातून होणाऱ्या संयुगांचे) मापन प्रसिद्ध केले. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या खडपांपेक्षा मोठ्या बंदरांच्या आसपासच हे संशोधन केंद्रित राहिले.

स्रोतांचा विचार करता, मुंबई बंदर, १९८९ पासून चालू असलेले न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर, कोरड्या गोद्या व दारुखाना येथील जहाजतोडणी ही ठिकाणे प्रथम येतात. जुना रंग खरवडला की त्याचे कण गाळात बसतात. टीबीटी पाण्यात काही दिवसांत ते आठवड्यांत डायब्यूटिल व मोनोब्यूटिल संयुगांत विघटित होते. प्राणवायूविरहित गाळात मात्र ते अनेक वर्षे टिकते. बंदराचा तळ दर वर्षी उपसला जातो तेथे हा साठा पुन्हा पाण्यात येत राहतो.

लाकडी होड्यांचा प्रश्न वेगळा आहे. कोकणात होडीच्या तळाला पूर्वापार काजूच्या टरफलांचे तेल, मुशीचे तेल, चुना असे काही ना काही लावत. पावसाळ्यापूर्वी होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत उन्हा-वाऱ्यात कोरड्या राहत, त्यामुळे तळाला चिकटलेले जीव आपोआप मरून पडत. यांत्रिक ट्रॉलर आल्यावर पाण्यात राहण्याचा काळ वाढला. आजही पश्चिम किनाऱ्यावरील १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत तळ खरवडणे व रंगवणे चालते. हर्णै, मिरकरवाडा, देवगड, मालवण येथे हे काम किनाऱ्यावरच होते आणि खरवडलेला रंग तेथील वाळूत राहतो.

पाणी गाळून खाणाऱ्या कालवे, तिसऱ्या व शिनाण्यांत टीबीटी साचते, कारण हे प्राणी ते हळू विघटित करतात. म्युरिसिडी कुलातील गोगलगायी याच शिंपल्यांना भोक पाडून खातात, त्यामुळे अन्नातूनही ते त्यांच्यात पोहोचते.

  

बंदी. हानिकारक जीवरोधक (जहाजांच्या तळावर सजीव चढू न देणाऱ्या) रंगांबाबतचा आंतरराष्ट्रीय करार ५ ऑक्टोबर २००१ रोजी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेत संमत झाला व १७ सप्टेंबर २००८ रोजी अंमलात आला. भारताने २०१४ मध्ये मर्चंट शिपिंग कायद्यात त्यासाठी दुरुस्ती केली आणि २०१५ मध्ये करारात प्रवेश केला. सर्वेक्षण व प्रमाणपत्राची सक्ती आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या ४०० टन एकूण टनेज व त्यावरील जहाजांना आहे. २४ मीटर वा त्याहून लांब, पण ४०० टनांखालील जहाजांना केवळ लेखी घोषणापत्र बाळगावे लागते. कोकणातील बहुतेक मच्छीमार नौका २४ मीटरपेक्षा लहान असल्याने या कागदपत्रांच्या कक्षेत येत नाहीत. बंदीनंतर टीबीटीची जागा तांब्याच्या ऑक्साइडाने आणि त्याच्या जोडीच्या शैवालनाशकांनी घेतली. त्यांपैकी सायब्युट्रिन (व्यापारी नाव इर्गारॉल १०५१) याच करारात २०२१ मध्ये समाविष्ट होऊन १ जानेवारी २०२३ पासून प्रतिबंधित झाले. ते प्रकाशसंश्लेषण रोखते, त्यामुळे त्याची हानी शैवाल व समुद्री गवतात शोधावी लागते, गोगलगायींत नव्हे.