काटा चुकला तरी दाब सापडतो : दाबमापनातील दुरुस्तीची पार्श्वभूमी

दाबाचा सेन्सर बसवला, शेजारच्या गेजशी (काट्याच्या दाबमापकाशी) जुळवला, लाइन चालू झाली. सहा महिन्यांनी ते गेज तपासणीला गेलं आणि कळलं की गेजच चुकीचं दाखवत होतं. सेन्सरने, त्याला शिकवलं तसंच, दाखवलं होतं. आता मधल्या हजारो नोंदी टाकायच्या की सुधारायच्या? बहुतेक वेळा त्या सुधारता येतात. मात्र सेन्सरने मुळात काय दिलं आणि त्यावर आपण काय चढवलं, या दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहिलेल्या असाव्या लागतात. ही सवय दाबमापनाच्या जन्मापासूनची आहे.

इटालियन शास्त्रज्ञ टॉरिचेलीने पाऱ्याच्या नळीचं, म्हणजे पाऱ्याच्या दाबमापीचं, वर्णन १६४४ साली पत्रातून कळवलं. त्यानंतर चार वर्षांनी, १९ सप्टेंबर १६४८ ला, फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कालचे मेहुणे फ्लोरिन पेरिए फ्रान्समधल्या पुई द दोम या डोंगरावर पाऱ्याची नळी घेऊन चढले. माथ्यावर पारा तीन इंचांहून जास्त उतरला, एवढं शाळेत सांगतात. पण त्यांनी आधी काय केलं ते मला जास्त मोलाचं वाटतं. पायथ्याच्या मठाच्या बागेत त्यांनी दोन नळ्या भरल्या, दोन्हींतला पारा एकाच उंचीवर उभा राहतो हे पाहिलं, आणि एक नळी तिथेच एका साधूच्या नजरेखाली दिवसभर ठेवून दुसरी वर नेली. दोन्ही नळ्या खाली जुळल्या म्हणूनच वरचा फरक डोंगराच्या नावावर टाकता आला. संदर्भासाठी वेगळं उपकरण ठेवणं म्हणतात ते हेच.

पाऱ्याच्या दाबमापीची चूक म्हणजे बिघाड नव्हे, तो त्याचा स्वभाव आहे. पारा उष्णतेने फुगतो, त्याची पितळी पट्टीही थोडी लांबते. दोन्ही धरून वाचन दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.०१६३ टक्के जास्त येतं. त्यात गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखं नाही. प्रमाण मूल्य ९.८०६६५ मीटर प्रति सेकंद वर्ग, तर मुंबईत ते ९.७८६ च्या आसपास. मुंबईत ३० अंशांना पट्टीवर ७६० मिलिमीटर दिसले, तर तापमानापायी ३.७ आणि गुरुत्वापायी १.६ मिलिमीटर वजा करावे लागतात. हा फरक सुमारे ७ हेक्टोपास्कल (हवेच्या दाबाचं एकक) भरतो. मान्सूनमधलं कमी दाबाचं क्षेत्र भोवतालापेक्षा काही हेक्टोपास्कलनेच खाली असतं. म्हणजे दुरुस्ती विसरली तर नकाशावर नसलेलं वादळ उमटेल किंवा असलेलं पुसलं जाईल.

म्हणून लंडनजवळच्या क्यू वेधशाळेत १८५० च्या दशकापासून दाबमापी तपासून, प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या चुकीचं प्रमाणपत्र देऊ लागले. उपकरण मोडीत काढायचं नाही, त्याची चूक कागदावर लिहून सोबत द्यायची. मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ ची, भारतीय हवामान खातं १८७५ चं, आणि त्याचं मुख्यालय १९२८ मध्ये पुण्याला आलं. पाऱ्याच्या दाबमापीच्या काळात हवामान केंद्रावरचा निरीक्षक दाबमापीला जोडलेला तापमापी आधी वाचायचा, मग पारा जसा दिसतो तसा लिहायचा, आणि दुरुस्त्या वेगळ्या रकान्यांत मांडायचा. पुढे प्रमाणपत्रात चूक सापडली तरी कच्चं वाचन शाबूत असल्यामुळे जुनी पानं नव्याने मोजता येतात. या शिस्तीबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

कारखान्यात ही शिस्त विरळ झाली, आणि त्याचं कारण एक अप्रतिम शोध आहे. पॅरिसच्या यूजीन बुर्दाँ यांनी १८४९ साली चपट्या, वाकवलेल्या नळीच्या गेजचं पेटंट घेतलं. एक वेटोळी नळी चुकून चपटी झाली, ती फुगवायला आत दाबाने पाणी भरलं, तर वेटोळं उलगडू लागलं, यातून त्यांना कल्पना सुचली. पारा नको, उंच नळी नको. बॉयलरवर चकती बसवा आणि काटा वाचा. डायलवर मात्र दुरुस्तीचा रकाना नसतो. काटा म्हणेल ते खरं, ही समजूत तिथून रुजली.

बुर्दाँ गेज ठरावीक तऱ्हांनी चुकतं. नळीने जास्त दाब सोसला किंवा काटा सरकला की झिरो हलतो. सगळी वाचनं सारख्याच अंतराने पुढेमागे होतात. आतल्या जोडपट्टीची जागा बदलली की स्पॅन, म्हणजे शून्यापासून वरच्या टोकापर्यंतचा पल्ला, बिघडतो, आणि चूक दाबाच्या प्रमाणात वाढत जाते. शून्याजवळची अडवणारी पिन तर कित्येकदा फसवते. काटा शून्याच्या खाली जायला हवा असतो, पण पिन त्याला धरून ठेवते, आणि बघणाऱ्याला झिरो बरोबर वाटतो.

उलटं गणित इथेच सुरू होतं. समजा आपलं गेज खरा दाब शून्य असताना ०.२ बार (दाबाचं एकक) दाखवत होतं आणि खऱ्या १० बारला १०.५. म्हणजे दिसणारा आकडा = ०.२ + १.०३ × खरा दाब. त्याच्याशी जुळवलेल्या सेन्सरच्या नोंदीत ६.३८ असेल तर आधी ०.२ वजा करायचे, मग १.०३ ने भागायचं, उत्तर ६.०० बार. नुसते ०.२ वजा करून ६.१८ वर थांबणारे पुष्कळ भेटतात. झिरो सुधारला, पण तीन टक्क्यांचा स्पॅन तसाच राहिला. दोन बिंदूंवर तपासल्याशिवाय या दोन चुका वेगळ्या करता येत नाहीत. चूक सरळ रेषेत आहे की नाही हे पाहायला मधले बिंदूही हवेत, चढताना आणि उतरतानाही.

गेज तपासायचं कशावर? डेड वेट टेस्टरवर, म्हणजे ठरावीक क्षेत्रफळाच्या पिस्टनवर वजनं ठेवून. इथे गुरुत्व पुन्हा हजर. प्रमाण गुरुत्व धरून खुणा केलेली वजनं मुंबईत ठेवली तर १०० बारच्या जागी सुमारे ९९.७९ बार मिळतात. एक टक्का अचूकतेच्या गेजला याचा फरक पडत नाही, ०.१ टक्का अचूकतेच्या ट्रान्समीटरला (दाबाचा विजेचा संकेत करून पाठवणाऱ्या उपकरणाला) मात्र त्याच्या मुभेच्या दुप्पट चूक लागते. पुण्यात आणखी एक गंमत आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर, त्यामुळे तिथे हवेचा दाब जवळपास ०.०६ बार कमी. समुद्रसपाटीची हवा आत कोंडून सील केलेला सेन्सर तिथे मोकळ्या हवेत उणे ०.०६ दाखवणारच. त्याला बिघडलेला म्हणू नये.

विजेवर चालणारे सेन्सर १९३८ च्या सुमारास एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज यांनी स्वतंत्रपणे बनवलेल्या स्ट्रेन गेजमुळे शक्य झाले. तार ताणली की तिचा विद्युतरोध बदलतो, हे तत्त्व ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड केल्व्हिनना १८५६ मध्येच दिसलं होतं. १९५४ साली चार्ल्स स्मिथ यांनी सिलिकॉन आणि जर्मेनियममध्ये हाच परिणाम धातूपेक्षा कितीतरी पटींनी मोठा असल्याचं दाखवलं. पण सिलिकॉन तापमानालाही तितकाच हळवा, त्यामुळे दुरुस्ती परत आली. बॉशच्या बीएमपी१८० या चिमुकल्या दाब-चिपमध्ये प्रत्येक नगाचे स्वतःचे ११ दुरुस्ती-गुणांक कारखान्यातच साठवलेले असतात. चिप कच्चा आकडा देते आणि दाब आपण त्या गुणांकांनी काढतो. क्यूचं प्रमाणपत्र चिपच्या पोटात जाऊन बसलं, असं मला ते पाहताना वाटतं.

हे गणित जिथे अडतं त्या जागाही ठरलेल्या आहेत. गेज कधी बिघडलं हे कळत नसेल तर कुठल्या तारखेपासून ०.२ वजा करायचे ते ठरत नाही. दोन तपासण्यांमधला काळ संशयातच राहतो. सेन्सर वरच्या मर्यादेला टेकला असेल तर त्या नोंदींत खरा दाब उरलेलाच नसतो. आणि वहीत सेन्सरचं मूळ व्होल्टेज न लिहिता फक्त '६ बार' असा गोल आकडा लिहिला असेल, तर १.०३ ने भागून मिळालेल्या दशांशांना काहीच अर्थ नसतो. नोंद सेन्सरच्या मूळ ०.५ ते ४.५ व्होल्टमधली असेल, शेजारी गेजचा नंबर आणि तपासणीची तारीख असेल, तर सहा महिन्यांच्या नोंदी एका दुपारी सरळ होतात.