लेदर जॅकेटवरचा पांढरा थर: बुरशी की मेद?

गणपतीच्या सुमारास कपाट उघडलं की लेदर जॅकेटच्या कॉलरवर, काखेपाशी पांढुरका थर दिसतो. लगेच खोबरेल तेल घेऊन बसू नका. आधी थर ओळखा. बुरशी ठिपक्याठिपक्यांनी वाढते, तंतू दिसतात, कुबट वास येतो. दुसरा थर असतो मेदाम्लांचा. कातडं मऊ राहावं म्हणून कमावताना त्यात तेलं मुरवतात. त्यांतली मेदाम्लं पृष्ठभागावर येऊन गोठतात. हेअर ड्रायरची कोमट हवा हातभर अंतरावरून काही सेकंद दिली की हा थर वितळून दिसेनासा होतो. बुरशी तशीच राहते. थर मेदाचा निघाला तर कोमट असतानाच सुक्या सुती फडक्याने टिपून घ्या, काम संपलं.

बुरशी असेल तर जॅकेट गॅलरीत किंवा गच्चीवर न्या. घरात झटकलं तर बीजाणू बाकीच्या कपड्यांवर बसतात. मास्क लावून मऊ ब्रशने अस्तर, खिसे, शिवणी सगळं झाडा. मग औषधाच्या दुकानात मिळणारं ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तितकंच पाणी मिसळून, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा. आधी आतल्या दुमडीवर करून बघा; फडक्याला रंग लागला तर पुढे जाऊ नका. स्वेडवर, म्हणजे मखमलीसारख्या लवदार कातड्यावर, हा प्रयोग नकोच.

वाळवायचं ते रुंद खांद्याच्या हँगरवर, सावलीत, पंख्याखाली, एक-दोन दिवस. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं कातडं ओलं असताना साधारण १०० अंश सेल्सिअसपर्यंत आकसत नाही, कारण हे क्षार कोलॅजेनच्या, म्हणजे कातड्यातल्या मुख्य प्रथिनाच्या, साखळ्या एकमेकींना बांधून ठेवतात. कच्चं कातडं ६०-६५ अंशांतच आकसतं. मग उन्हाला का भ्यायचं? पाणी भराभर उडालं की तंतू एकमेकांना चिकटतात. जॅकेट पुठ्ठ्यासारखं कडक होतं, कोपरापाशी तडकतं, शिवाय रंग विटतो तो वेगळाच.

खोबरेल तेल खरंच टाळा. रंगाचा लेप असलेल्या कातड्यात ते नीट मुरत नाही, वर धूळ धरतं; लेप नसेल तर काळपट डाग पडतात. वर्षातून एकदा लेदर कंडिशनर पुरे. अख्ख्या जॅकेटला चमचाभर, तोही फडक्यावर घेऊन. अर्ध्या तासाने उरलेला पुसून काढा. जास्त मेद गेला की पितळी बटणांच्या कडेला हिरवा चिकट मळ साठतो. तो तांब्याचा आणि मेदाम्लांचा साबण आहे. लाकडी टूथपिकने खरवडला की निघतो.

प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये ओल कोंडते, म्हणून जुन्या सुती चादरीची पिशवी शिवा. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की बुरशी धरतेच. बंद कपाटात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दाण्यांची २०० ग्रॅमची पुरचुंडी टांगा; नारिंगी दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये ११० अंशांवर दोन तास ठेवून पुन्हा वापरा. डांबरगोळ्या किडीसाठी असतात, त्या ओल शोषत नाहीत.

आणि जॅकेटचे पापुद्रे सुटत असतील तर ते खरं कातडं नसून बहुधा कापडावरचं पॉलियुरेथेन, म्हणजे एक प्रकारचं प्लॅस्टिक, आहे. दमट हवेतलं पाणी त्याच्या रेणूंच्या साखळ्याच तोडतं. त्यावर कुठलंही क्रीम चालत नाही.